धाकट्या जावयाची गुंतवणूक

माझ्या साडूइतका नशीबवान माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात झाला नाही, आणि आपल्या नशिबाकडे त्याच्याइतकं दुर्लक्ष करणारा माणूस तर महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. नशिबाने वरून टोपलीभर फुलं ओतावीत आणि या गृहस्थाने काय पडलं म्हणून नुसते केस झटकावेत, असा एकंदर प्रकार. केसही कसे, तर पन्नाशी उलटली तरी काळेभोर, आणि तेही कलप न लावता. मी वयाने त्याच्यापेक्षा थोडासाच मोठा. पण एखाद्या लग्नात आम्ही शेजारी उभे राहिलो की लोक मला त्याचा मामा समजतात. एकदा नेरळला एका बाईंनी मला वाकून नमस्कार केला आणि त्याला विचारलं, सध्या काय शिकताय? हे मी गंमत म्हणून सांगतोय असा कुणाचा समज होऊ नये. मला त्यात काहीही गमतीचं वाटलेलं नाही.

मुळात साडू हे नातंच अवघड आहे. सख्ख्या भावाशी निदान बांधावरून भांडता येतं. साडूशी भांडायला बांधच नसतो. दोघांच्या मधे एकच सासरा, एकच अंगण आणि दोन बहिणी, ज्या दिवसातून निदान एकदा फोनवर बोलतात आणि फोन ठेवल्यावर नवऱ्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर ज्याने पाहिली आहे, त्याला पुढचं सगळं न सांगताही कळेल.

मी खोपोलीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. बाटल्यांमधल्या रंगीत पाण्याकडे बघायचं, आकडे टिपायचे आणि संध्याकाळी घरी यायचं, असं माझं आयुष्य. पण सासुरवाडीला मी पहिला जावई होतो, आणि पहिल्या जावयाचं राज्य काय असतं ते पहिला जावईच जाणे. खालापूर तालुक्यातलं ते भातशेतीवालं घर. मी गेलो की सासरे हातातलं काम टाकून पाय धुवून ओटीवर यायचे, सासूबाई कोंबडीच्या मागे धावायच्या. विहिरीत पावडर किती टाकायची, तांदळाला कीड लागू नये म्हणून काय करायचं, म्हशीला जुलाब झाले तर काय पाजायचं, सगळं मला विचारून. म्हशींबद्दल मला काडीची माहिती नव्हती. पण केमिस्ट माणूस म्हटल्यावर त्याला म्हशीच्या पोटातलंही कळत असणार, असा त्या घराचा विश्वास होता आणि मी तो मोडला नाही.

मग धाकटीने जाहीर केलं की कर्जतच्या स्टेशनजवळ ज्याचं इंटरनेटचं दुकान आहे त्याच्याशीच ती लग्न करणार. सासऱ्यांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, "जावयबापू, ह्यो धंदा काय हाय नक्की?" मी समजावून सांगितलं, की लोक येतात, कॉम्प्युटरसमोर तासभर बसतात आणि बसल्याचे पैसे देऊन जातात. सासऱ्यांनी बराच वेळ विचार केला. "मंजी हाटेल," ते म्हणाले. "पन च्या नाय." मी म्हटलं, हो, चहा नाही. "मंग लोकं बसतात कशाला?" तेव्हा मीच जाऊन मुलगा बघून यावा असं ठरलं.

मी गेलो तेव्हा हा मुलगा टेबलाखाली होता. बाहेर आला तो अनवाणी, केसांत कोळिष्टकं आणि हातात वायरींचा गुंता. मी कोण ते सांगितल्यावर दुसरा कुणी असता तर त्याने चहा मागवला असता, खुर्ची पुसली असती. याने मला आनंदाने विचारलं, "दादा, तुम्ही केमिस्ट ना? मॉनिटरमधे मुंग्या जातायत. काय टाकू?" मी बोरिक पावडर सांगितली. एवढंच आमचं बोलणं झालं, आणि मी घरी येऊन मुलगा चांगला आहे असं सांगितलं. तो चांगलाच होता. पण तेव्हापासून आजवर, वर्तमानपत्रवाल्यांपासून ते पुण्याच्या कॉलेजातल्या पोरांपर्यंत, ज्याने ज्याने त्याला सुरुवात कशी झाली म्हणून विचारलं, त्या प्रत्येकाला तो सांगतो, की दादांनी पावडर सांगितली म्हणून आमचं दुकान वाचलं. स्वतःच्या यशातला वाटा माणसाने दुसऱ्याला द्यावा, हे ऐकायला छान वाटतं. आपल्या वाट्याला मुंग्या आल्या की कळतं.

त्याचं दुकान चाललं ते निकालांवर. दहावी-बारावीचे निकाल इंटरनेटवर लागायला लागले तशी कडावपासून चौक गावापर्यंतची पोरं त्याच्याकडे येऊन उभी राहायची. हा प्रत्येकाचा निकाल आधी स्वतः वाचायचा, आणि नापास असेल तर मोठ्याने न सांगता त्या पोराला बाहेर नेऊन वडापाव खायला घालायचा. त्यामुळे पुढे असं झालं, की याने खांद्यावर हात ठेवला की पास झालेली पोरंही रडायला लागत. त्यातच केव्हा तरी त्याच्या लक्षात आलं, की दर शनिवारी मुंबईची माणसं गाड्या घेऊन कर्जतला येतात आणि राहायला जागा कुठे आहे म्हणून टपरीवर विचारतात. याने स्कूटर काढली आणि कर्जत-खालापूरमधल्या एकेका फार्महाऊसचे फोटो काढत सुटला. मालक म्हणायचे, फोटो कशाला? हा म्हणायचा, असूद्यात. त्याने वेबसाइट केली, लोक घरबसल्या फार्महाऊस ठरवू लागले, आणि बघता बघता लोणावळ्यापासून अलिबागपर्यंतची घरं त्या वेबसाइटवर आली. दुकानाच्या मागच्या खोलीत आधी दोन पोरं कामाला होती, मग पूर्ण मजला, मग नवी इमारत. शेवटी मुंबईच्या एका बड्या कंपनीने ते सगळंच्या सगळं विकत घेतलं. किती मिळाले ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. विचारायचं नाही म्हणून मी केवढा संयम पाळला, याची मात्र कुठे नोंद नाही.

पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली आणि सगळी फार्महाऊसं ओस पडली. पेपरात त्याच्या दूरदृष्टीवर लेख आला. मी त्याला विचारलं, साडूभाऊ, खरंच हे सगळं दिसलं होतं तुम्हाला? तो म्हणाला, "छे हो. पोहायच्या तलावाचं पाणी गार आहे का, या एकाच प्रश्नाला उत्तरं देऊन कंटाळा आला होता." आता यावर माणसाने काय करावं? जो दूरदृष्टीने श्रीमंत झाला त्याच्याकडून काही शिकता तरी येतं. जो कंटाळून श्रीमंत झाला त्याच्याकडे नुसतं बघत बसावं लागतं.

त्यानंतरच्या अधिक महिन्यात सासऱ्यांनी आम्हा दोघांना धोंड्याचं जेवायला बोलावलं. मानपान रीतसर झाला, पहिलं ताट माझंच वाढलं, अनारसेही पहिल्यांदा मलाच. पण जेवताना सासूबाईंनी म्हैस दूध देत नसल्याचं काढलं, आणि मी घसा खाकरून बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात सासरे म्हणाले, "थांबा, धाकलं जावय काय म्हनतात?" धाकट्या जावयाने प्रामाणिकपणे सांगितलं, की मला म्हशीतलं काही कळत नाही. सासरे कौतुकाने मान हलवत राहिले. इतकी वर्षं मी जे ज्ञान पैदा केलं होतं, त्याच्यापेक्षा त्याचं अज्ञान वजनदार ठरलं. त्या दिवशी परतताना मी बायकोशी खोपोली येईपर्यंत बोललो नाही, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ती धाकटीशी फोनवर बोलत होती.

कंपनी विकल्यावर त्याने दुसऱ्यांच्या कंपन्यांत पैसे घालायला सुरुवात केली. एखादी मुलगी किंवा मुलगा कल्पना घेऊन येतो, हा भांडवल देतो आणि बदल्यात कंपनीतला थोडा हिस्सा ठेवून घेतो. कंपनी वाढली की हिस्सा वाढतो, बुडाली की दोघं बुडतात. सासऱ्यांना हे मी समजावून सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "मंजी अर्धेलीनं शेत लावल्यागत." बरोबरच होतं. फक्त शेत दुसऱ्याच्या डोक्यात असतं आणि पीक काय येणार ते पेरणाऱ्यालाही माहीत नसतं.

कर्जतच्या बाहेर नदीकाठी त्याने घर बांधलं आहे. त्या घराच्या पडवीत एक बाज टाकलेली असते आणि तेच त्याचं ऑफिस. मुंबई-पुण्याची पोरं पांढरे बूट घालून, लॅपटॉप घेऊन येतात आणि या बाजेसमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून आपली कंपनी जग कशी बदलणार ते सांगतात. हा ऐकता ऐकता झोपतो. डोळे मिटून विचार करतोय वगैरे काही नाही, चांगला घोरतो. आणि ती पोरं, एवढा मोठा गुंतवणूकदार, त्याला उठवायचं कसं, म्हणून झोपलेल्या माणसाला पुढचा सगळा भाग सांगत राहतात. मी एकदा तिथे असताना एका मुलाने घोरणाऱ्या माणसाला, "यावर तुमचं मत काय?" असं विचारून उत्तराची वाट पाहिलेली आहे.

त्याची दुसरी खोड फोनची. कुठल्याही कंपनीत पैसे घालण्याआधी हा तिच्या मदत केंद्राला फोन लावतो आणि खालापूरच्या पार आतल्या गावातला म्हातारा होतो. "हां, बाय, मना सांग, ह्यो बटन दाबलाव तं आता काय व्हतंय?" समोरची मुलगी सांगते. "दाबला. काय नाय झाला. परत दाबू का?" असं तो अर्धा अर्धा तास चालवतो, मधेच तिला जेवलीस का विचारतो, तिच्या गावाची चौकशी करतो. समोरच्याने फोन आपटला तर त्या कंपनीचं नाव कायमचं कट. एका मुलीने मात्र शेवटी त्याला सांगितलं, "आजोबा, तुम्ही राहू द्या, घरात कुणी नातवंड असेल तर त्याला फोन द्या, मी त्याच्याशी बोलते, तुम्ही दमलात." त्या कंपनीत त्याने त्याच दिवशी पैसे घातले आणि ती कंपनी आता कुठल्या कुठे गेली आहे. लोक याला पारख म्हणतात. मी कारखान्यात अशीच फोनाफोनी केली असती तर मला मेमो मिळाला असता.

माझ्या कारखान्यात नवी यंत्रं आली तेव्हा मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. घरी बसून महिनाभरातच मला एक कल्पना सुचली, आणि ती अजूनही वाईट नव्हती असं माझं मत आहे. शेलू, नेरळ, कर्जत इकडे सगळीकडे नव्या इमारती उभ्या राहिल्यात, आणि निम्म्या इमारती बोअरच्या पाण्यावर. त्या पाण्यात काय आहे ते कुणालाच माहीत नाही. फोनवर एक ॲप असावं. बटण दाबलं की आमचा माणूस येईल, पाणी घेऊन जाईल, मी तपासेन आणि अहवाल थेट फोनवर. बायको म्हणाली, घरचाच माणूस आहे, त्यांच्याकडे जा. मी म्हटलं, घरचा म्हणून नाही जाणार. जाईन तर इतर सगळे जातात तसा, लॅपटॉप घेऊन. आणि गेलो. नवे बूटही घेतले. फक्त पांढरे घेतले नाहीत, तेवढी अक्कल शाबूत होती.

तो बाजेवर उठून बसला आणि मी बोलत होतो तेवढा सगळा वेळ टक्क जागा राहिला. मला वाटलं, जिंकलं. माझ्यासमोर तो झोपला नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्याने, तो सगळ्यांना विचारतो तोच प्रश्न मला विचारला. "दादा, ही कंपनी उद्या बंद पडली तर रडेल कोण?" बाकीचे लोक या प्रश्नाला गिऱ्हाईक, बाजारपेठ असलं काहीबाही सांगतात, हे मला माहीत होतं. मी खरं काय ते शोधायला गेलो आणि तोंडातून निघून गेलं, "मी."

तो हळूच म्हणाला, "तेवढ्यावर नाही चालायचं, दादा." मग म्हणाला, की पैसे लागत असतील तर असेच घ्या, कंपनी कशाला पाहिजे मधे. एवढं बोलून त्याला बरं वाटलं असावं. मला नाकारलं त्याचं इतकं लागलं नाही, जितकं या वाक्याचं लागलं. मी लॅपटॉप मिटला. धाकटीने वालाचं बिरडं केलं होतं. तिने आग्रह केला म्हणून जेवायला बसलो आणि रागारागात दोनदा वाढून घेतलं. बिरडं सुरेख झालं होतं, आणि त्याचाही मला त्या दिवशी रागच आला.

त्याच थंडीत त्याने शेतावर पोपटी लावली. पोपटी म्हणजे आमच्याकडे वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी असं सगळं मडक्यात भरायचं, भांबुर्डीच्या पाल्याने तोंड बंद करायचं आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. तो ते काम पाहुण्यांना देतो. मुंबईची पोरं मोबाइलवर फोटो बघत बांधावर भांबुर्डी शोधत होती आणि भलताच पाला उपटून आणत होती. मी जायला तयार नव्हतो, बायकोने नेलं. तिथे कर्जतच्याच एका मुस्लिम घरातली एक तरुण मुलगी आली होती. तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान आहे. संध्याकाळी जाळ पेटल्यावर एकेकाने आपापली कल्पना सांगितली, हिची पाळी आली आणि माझा साडू नेहमीप्रमाणे झोपला. ती थांबली. उठून त्याच्याजवळ गेली आणि त्याचा खांदा हलवून म्हणाली, "काका, तुम्ही झोपलात. उठा, मी परत पहिल्यापासून सांगते."

जाळाभोवती बसलेली सगळी पोरं गार पडली. तो उठून बसला, तोंड धुवून आला आणि म्हणाला, सांग. ती सांगू लागली, की शेलूपासून कर्जतपर्यंतच्या इमारतींत सकाळी सातनंतर फक्त म्हातारी माणसं उरतात. मुलगा-सून मुंबईला जातात ते दिवेलागणीला परत. दिवसभरात गोळी चुकली, तोल गेला, लिफ्ट बंद पडली, तर विचारायला कुणी नाही. तिच्या दुकानात ही माणसं औषधाच्या निमित्ताने फोन करतात आणि बोलत राहतात. तिला अशी माणसं तयार करायची होती, की जी ठरलेल्या वेळी घरी जातील, औषध देतील, दवाखान्यात नेतील आणि थोडा वेळ बसतील. त्याने आपला प्रश्न विचारला. तिने कुठलाही विचार न करता नावं सांगायला सुरुवात केली. अमक्या इमारतीतले काका, तमक्या मजल्यावरच्या आजी. ती नावं सांगत होती आणि तो मान हलवत होता. मडकं काढायची वेळ टळून गेली, शेंगा करपल्या, तरी त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

त्या कंपनीवर त्याने जीव टाकला. इतर कंपन्यांत तो थोडं घालून बाजूला व्हायचा. इथे घालतच गेला. स्वतःच लोकांच्या मुलाखती घेऊ लागला, शेलूला फेऱ्या मारू लागला, तिथल्या म्हाताऱ्यांना नावाने ओळखू लागला. बायको कौतुकाने सांगायची आणि मी पेपर वाचत ऐकायचो. माझ्या गाठीला खऱ्याखुऱ्या प्रयोगशाळेतला अनुभव होता. आणि पैसे मिळाले ते औषधाच्या दुकानातल्या मुलीला, कारण तिच्याकडे रडणारी माणसं जास्त होती. मी मनात म्हणायचो, बघू किती दिवस चालतं.

फार दिवस नाही चाललं. घरोघरची मुलं पहिले काही महिने उत्साहाने पैसे भरत, मग म्हणत, आईला आता बरं वाटतंय, थांबवा. कामाला ठेवलेल्या बायकांचे पगार कमी करायला ती मुलगी तयार नव्हती, आणि हाही नव्हता. बेंगळुरूहून जे मोठे गुंतवणूकदार येणार होते, ते आकडे बघून आलेच नाहीत. याने कर्जतमधली एक जागा विकून आणखी काही महिने रेटलं. मग एका सकाळी धाकटीचा फोन आला, आणि फोन ठेवल्यावर बायको पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता खिडकीतून बाहेर बघत बसली. म्हणाली, "बंद केली त्यांनी."

इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस आला, आणि मला आनंद झालाही. का खोटं बोलू? हातातला चहा संपेपर्यंत टिकला. कप खाली ठेवला तेव्हा आत काही उरलं नव्हतं, आणि बायकोने न सांगताच मी गाडीची किल्ली घेतली.

कर्जतला पोचलो तर तो पडवीत बाजेवर बसला होता आणि शेजारच्या खुर्चीवर ती मुलगी. दोघं ठरवत होती, की सगळ्यांना फोन करून सांगायचं नाही, घरी जाऊन सांगायचं. मला बघून तो उठला. दाढी वाढली होती, आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा मला माझ्या वयाचा वाटला. म्हणाला, "दादा, गाडी चालवाल? आज माझं रस्त्यावर लक्ष नाही राहायचं."

मी गाडी काढली. नेरळमधली घरं करून आम्ही शेलूला गेलो. तिथे चौथ्या मजल्यावर एक आजी राहतात. तरुणपणी दादरला त्यांची खाणावळ होती, पोटातली भूक आणि खिशातला खोटेपणा दोन्ही चेहऱ्यावरून ओळखायची सवय, आवाज अजून तसाच खणखणीत. फक्त गुडघ्यांनी दगा दिलेला. आम्हा तिघांना दारात बघून त्यांनी विचारलं, "आज एवढी फौज कशाला?" ज्याने शेकडो लोकांसमोर भाषणं केली, तो खाली वाकून चपलांचे पट्टे सोडवत बसला. शेवटी त्या मुलीनेच सांगितलं, की आजी, उद्यापासून आमची माणसं नाही येणार.

आजींनी ऐकून घेतलं. पुसायला घेतलेलं स्टीलचं ताट पुसून पूर्ण केलं, फळीवर ठेवलं. "गोळ्यांचं मी बघीन," त्या म्हणाल्या. "पण दुपारी पत्ते कुणाशी खेळू?"

"मी येईन," तो म्हणाला.

परत येताना शेलू मागे पडल्यावर त्याने गाडी थांबवायला सांगितली. मी रस्त्याच्या कडेला घेतली. मागच्या सीटवर ती मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. तो समोर बघत म्हणाला, "दादा, तुमच्या कंपनीला मी नाही म्हटलं, कारण रडायला तुम्ही एकटे होता. हिच्याकडे एवढी माणसं होती. तरी नाही चाललं." मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याला काय सांगणार होतो? मला त्याच्या धंद्यातलं काही कळत नाही. पाण्याची बाटली उघडून त्याच्या मांडीवर ठेवली आणि तो थांबेपर्यंत गाडी चालू केली नाही.

ती मुलगी आता पुण्यातल्या एका इस्पितळात मोठ्या जागेवर आहे. तिथे त्यानेच शब्द टाकला. कामावरच्या बायकांपैकीही बऱ्याच जणींना त्याने कुठे ना कुठे लावून दिलं. तो स्वतः काही महिने गप्प होता, मग हळूहळू पोरं पुन्हा पडवीत येऊ लागली. अलीकडे त्याला बेंगळुरूला फार जावं लागतं, कधी कधी महिना महिना. त्याआधी मंगळवार आणि शुक्रवारची दुपार तो शेलूला आजींकडे चुकवत नव्हता. आणि पहिल्यांदा बाहेरगावी जायची वेळ आली तेव्हा त्याने मला विचारलं, माझ्याऐवजी जाल का? मी म्हटलं, बघू. मनात म्हटलं, त्याच्यापेक्षा बरा खेळतो मी.

बदाम सात खेळतो आम्ही. आजी सर्रास लबाडी करतात. अडवून ठेवलेलं पान मांडीखाली जातं, आणि विचारलं तर, "माझ्या घरात मला विचारता?" असं म्हणतात. मी त्यांच्या नळाचं पाणीही तपासून दिलं. अहवाल वाचून दाखवला तर म्हणाल्या, बरं, पान टाका. मला वाटलं होतं, दोन-चार आठवड्यांत त्या माझ्याशी रुळतील. रुळल्याही. पण दार उघडल्यावर त्यांची नजर आधी माझ्या मागे जाते, जिन्याकडे. मग मला आत घेतात. फळीवर बेसनाच्या लाडवांचा एक डबा असतो, तो त्याचा. मला मारी बिस्किटं. मी तीन महिने मारी बिस्किटं खाल्ली आणि एका शब्दाने बोललो नाही.

गेल्या शुक्रवारी त्या पहिल्यांदाच हरल्या. पत्ते गोळा करता करता उठल्या, भिंतीला धरत फळीपर्यंत गेल्या, डबा काढला आणि एक लाडू बरोबर मधोमध फोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. "खा. त्यांना सांगू नका."

शेलूच्या स्टेशनवर येऊन बसलो तेवढ्यात त्याचा बेंगळुरूहून फोन आला. आजी कशा आहेत, गोळ्या घेतात का, गुडघा कसा आहे, सगळं विचारून झालं. मला वाटलं, आता फोन ठेवणार. तेवढ्यात त्याने विचारलं, "दादा, माझी आठवण काढतात का हो?"

हा आवाज मी चांगला ओळखतो. वर्षानुवर्षं तो माझ्याच घशात होता. त्याच्या तोंडून तो ऐकायला मिळेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. नाही म्हणायची इच्छा इतकी अनावर झाली, की मी क्षणभर समोरच्या रुळांकडे बघत राहिलो. तोंडात बेसनाची चव अजून होती.

"काढतात की," मी म्हटलं. "दार उघडताना दर वेळी काढतात. लवकर या."